ईडिथ फार्न्सवर्थ हाउस

ईडिथ फार्न्सवर्थ हाउस हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील प्लेनो या गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी असलेले पोलाद आणि काच यांचे एकमजली छोटे घर आहे. शिकागोतील मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. ईडिथ फार्न्सवर्थ (१९०३–१९७७) यांना आठवड्याच्या सुट्टीचे दिवस शहरापासून दूर, एकांतात घालवता यावेत यासाठी ते बांधण्यात आले. जर्मन-अमेरिकन वास्तुविशारद लुडविग मीस व्हान डर रोह (१८८६–१९६९) यांनी त्याचा आराखडा तयार केला. आराखड्याचे काम १९४५ नंतर सुरू झाले, बांधकामास १९४९ मध्ये आरंभ झाला आणि १९५१ मध्ये घर पूर्ण झाले. काचेच्या आतील जागा सुमारे १,५०० चौरस फूट (सुमारे १४० चौरस मीटर) आहे.

विसाव्या शतकातील आधुनिक वास्तुकलेच्या अभ्यासात या घराला महत्त्वाचे स्थान आहे. कमीत कमी घटकांतून पूर्ण वास्तू उभी करण्याचा हा एक अत्यंत काटेकोर प्रयत्न मानला जातो. त्याचबरोबर वास्तुविशारदाची कल्पना, राहणाऱ्या व्यक्तीच्या गरजा आणि जागेचा स्वभाव यांचा मेळ न बसल्यास काय घडते, याचे उदाहरण म्हणूनही त्याचा उल्लेख होतो. मालकीण व वास्तुविशारद यांच्यातील न्यायालयीन वाद आणि नदीच्या पुराचे वारंवार झालेले आघात हे या घराच्या इतिहासाचे अविभाज्य भाग आहेत. २००३ पासून हे घर अमेरिकेतील ऐतिहासिक वास्तूंचे जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेकडे असून ते लोकांना पाहण्यासाठी खुले आहे.

पार्श्वभूमी

ईडिथ फार्न्सवर्थ यांचा जन्म शिकागोत झाला. तरुणपणी त्यांनी साहित्याचे शिक्षण घेतले आणि इटलीत राहून व्हायोलिनवादनाचा अभ्यास केला. पुढे त्या वैद्यकशास्त्राकडे वळल्या आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून पदवी घेऊन शिकागोत मूत्रपिंडाच्या विकारांवर उपचार व संशोधन करू लागल्या. त्या अविवाहित होत्या. रुग्णालयातील दगदगीतून काही काळ मोकळीक मिळावी, वाचन आणि वादन यांना निवांत वेळ देता यावा, असे ठिकाण त्यांना हवे होते. यासाठी त्यांनी शिकागोच्या नैर्ऋत्येस सुमारे ९० किलोमीटरवर फॉक्स नदीच्या उत्तर काठाची जमीन विकत घेतली. ही जमीन पूर्वी ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राचे प्रकाशक रॉबर्ट मॅककॉर्मिक यांच्या मालकीची होती.

मीस यांची ओळख फार्न्सवर्थ यांना १९४५ मध्ये एका मेजवानीच्या प्रसंगी झाली. मीस हे बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे अखेरचे संचालक होते. १९२९ मधील बार्सिलोनाच्या प्रदर्शनातील जर्मन दालन आणि ब्रनो येथील टुगेंडहाट निवास या कामांमुळे युरोपात त्यांचे नाव झाले होते. नाझी राजवटीत काम करणे अशक्य झाल्यावर १९३८ मध्ये ते अमेरिकेत आले आणि शिकागोतील ज्या संस्थेचे पुढे इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी असे नाव झाले, तेथे वास्तुकला विभागाचे प्रमुख झाले. अमेरिकेत स्वतंत्र घर बांधण्याची संधी मात्र त्यांना अद्याप मिळाली नव्हती. फार्न्सवर्थ यांच्या प्रस्तावामुळे ती मिळाली. लहान कुटुंबाच्या नेहमीच्या गरजा, मुलाबाळांच्या खोल्या, पाहुण्यांची व्यवस्था यांपैकी कशाचेही बंधन या कामात नव्हते. एकटीने, तेही आठवड्यातून एक-दोन दिवस राहणाऱ्या व्यक्तीचे घर असल्याने मीस यांना आपला विचार टोकापर्यंत नेता आला.

घराची प्रतिकृती १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहालयात मीस यांच्या कामांच्या प्रदर्शनात मांडण्यात आली. त्यामुळे प्रत्यक्ष बांधकामाच्या दोन वर्षे आधीच हे घर वास्तुविशारदांच्या वर्तुळात चर्चेचा विषय झाले होते.

जागेची निवड आणि जोत्याची उंची

नदीकाठच्या या जमिनीत घरासाठी दोन प्रकारच्या जागा होत्या. काठापासून दूर, उंचावरची जागा पाण्यापासून सुरक्षित होती. काठालगतची सखल जागा नदीच्या पूरमैदानात येत होती, म्हणजे नदीला पूर आल्यावर पाणी जेथे पसरते त्या पट्ट्यात. घर नदीजवळच, मोठ्या मेपल वृक्षाच्या सान्निध्यात असावे असे ठरले. नदी आणि झाडी हेच या घराचे खरे दृश्य असल्यामुळे त्यांच्यापासून दूर जाणे घराच्या मूळ हेतूशी विसंगत ठरले असते. मेपलच्या पसरलेल्या फांद्यांची सावली दक्षिणेकडील काचेवर पडत असे. त्यामुळे हा वृक्ष घराच्या रचनेचाच एक भाग होता. कालांतराने तो जीर्ण झाल्यामुळे काढावा लागला.

सखल जागा निवडल्यावर पाण्याचा विचार अटळ होता. मातीचा भराव घालून किंवा दगडी जोते बांधून घर उंच करण्याऐवजी मीस यांनी ते पोलादी खांबांवर उचलून धरले. आतील जमीन भूपृष्ठापासून ५ फूट ३ इंच (सुमारे १.६ मीटर) उंच आहे. त्या काळी ज्ञात असलेल्या पुराच्या पातळीपेक्षा ती वर राहील, असा हिशेब होता. घराखालून पाणी वाहून जावे आणि घर कोरडे राहावे ही कल्पना होती.

ही उंची पुरापासून संरक्षण करण्यासाठी ठरवलेली असली तरी घराच्या सौंदर्यातही तिचा मोठा वाटा आहे. खालून मोकळे असल्यामुळे घर जमिनीवर टेकलेले नसून गवताच्या वर तरंगत आहे असे दुरून वाटते. आत बसलेल्या व्यक्तीची दृष्टी भोवतालच्या मैदानापेक्षा थोडी वर राहते. एकाच निर्णयातून उपयुक्तता आणि रूप ही दोन्ही साध्य करण्याची मीस यांची पद्धत येथे स्पष्ट दिसते.

सांगाडा

घराचा सर्व भार आठ पोलादी खांबांवर आहे. हे खांब प्रत्येकी चारच्या दोन रांगांत उभे आहेत. एका रांगेतील दोन खांबांत २२ फूट, तर दोन रांगांमध्ये सुमारे २८ फूट अंतर आहे. चार खांबांमधील तीन गाळ्यांची लांबी ६६ फूट होते. जमीन व छपराचे फलक दोन्ही टोकांना खांबांच्या पुढे साडेपाच-साडेपाच फूट अधांतरी काढलेले आहेत. त्यामुळे एकूण लांबी ७७ फूट भरते. टोकांना खांब नसल्यामुळे कोपरे मोकळे राहतात आणि घराला हलकेपणा येतो.

नेहमीच्या बांधकामात तुळई खांबाच्या माथ्यावर टेकवली जाते. येथे खांब जमिनीच्या व छपराच्या कडेच्या तुळयांना बाहेरून चिकटलेले आहेत. दोन आडवे फलक उभ्या खांबांच्या मध्ये धरून ठेवल्यासारखे दिसतात. हे जोड वेल्डिंगने अशा रीतीने केले आहेत की बाहेरून बोल्ट किंवा रिव्हेट दिसत नाही. जोडकाम झाल्यावर पोलादाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करण्यात आला आणि त्यावर पांढरा रंग दिला गेला. या घराचे पोलादकाम वरवर साधे दिसते, परंतु असा साधेपणा मिळवण्यासाठी कारागिरांना मोठे कौशल्य आणि वेळ खर्च करावा लागला. मीस यांच्या कार्यालयातील मायरन गोल्डस्मिथ या स्थापत्य अभियंत्याचा सांगाड्याच्या कामात महत्त्वाचा सहभाग होता.

ओटा, ओसरी आणि अंतर्भाग

घरात प्रवेश तीन टप्प्यांत होतो. गवतातून पायऱ्या चढून प्रथम एका उघड्या ओट्यावर यावे लागते. हा ओटा ५५ फूट लांब व २२ फूट रुंद असून तो मुख्य घराला समांतर, पण काहीसा बाजूला सरकवलेला आहे. तेथून पुन्हा पायऱ्या चढून छप्पर असलेल्या, परंतु भिंती नसलेल्या ओसरीत प्रवेश होतो. ओसरीची लांबी २२ फूट आहे. ओसरीतून काचेच्या दाराने आत गेल्यावर ५५ फूट लांबीचा अंतर्भाग लागतो. उघडा ओटा, छपराखालची ओसरी आणि बंद घर असा हा क्रम निसर्गाकडून निवाऱ्याकडे हळूहळू नेणारा आहे.

ओटा, ओसरी व आतील जमीन यांवर ट्रॅव्हर्टाइन या फिकट रंगाच्या चुनखडकाच्या फरशा बसवल्या आहेत. सर्वत्र एकच फरशी असल्याने आत आणि बाहेर यांतील भेद पुसट होतो. उघड्यावरील फरशीला सहसा पाणी वाहून जाण्यासाठी थोडा उतार द्यावा लागतो. मीस यांना ओटा पूर्णपणे सपाट हवा होता. म्हणून फरशांखाली खडी भरलेली, तळाकडे निमुळती होत जाणारी पत्र्याची पात्रे बसवण्यात आली. पावसाचे पाणी फरशांच्या फटींतून या पात्रांत उतरते आणि खालून निघून जाते.

आत कायमच्या भिंती नाहीत. मध्यभागी लाकडी आवरणाचा एकच गाभा आहे. त्यात दोन न्हाणीघरे, त्यांच्या मधोमध यंत्रसामग्रीची छोटी खोली, उत्तरेकडे अरुंद स्वयंपाकघर आणि दक्षिणेकडे शेकोटी यांचा समावेश आहे. गाभ्यासाठी प्रिमाव्हेरा या फिकट रंगाच्या लाकडाचा पातळ थर वापरला आहे. गाभा छपरापर्यंत भिडत नसल्याने छत अखंड दिसते. त्याच्या स्थानामुळेच बसण्याची, निजण्याची आणि स्वयंपाकाची जागा वेगळी होते, त्यासाठी दारे लागत नाहीत. पाण्याच्या, सांडपाण्याच्या व विजेच्या सर्व वाहिन्या गाभ्याखालील एकाच नळकांड्यातून जमिनीत जातात. ही तजवीज नसती तर तरंगत्या घराखाली नळांचे जाळे उघडे पडले असते.

कपडे ठेवण्यासाठी मूळ आराखड्यात पुरेशी सोय नव्हती. फार्न्सवर्थ यांच्या आग्रहामुळे सागवानी आवरणाचे एक सुटे कपाट नंतर तयार करण्यात आले. ते सुमारे माणसाच्या उंचीचे असून निजण्याच्या जागेला थोडा आडोसा देते.

हवामान आणि दैनंदिन सोयी

इलिनॉय राज्यात उन्हाळा उष्ण व दमट असतो आणि हिवाळ्यात तापमान शून्य अंश सेल्सियसच्या बरेच खाली जाते. अशा हवामानात चारही बाजूंनी काच असलेले घर राहण्यायोग्य ठेवणे अवघड असते. या घराच्या काचा एकेरी आहेत. दोन काचांमध्ये हवेचा थर ठेवून उष्णता रोखण्याची पद्धत येथे वापरलेली नाही. हिवाळ्यासाठी फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घातल्या होत्या आणि जोडीला गरम हवेची व्यवस्था होती. तरीही थंडीत काचेच्या आतील बाजूवर बाष्प साचून पाणी ओघळत असे. उन्हाळ्यात घर लवकर तापे. हवा खेळण्यासाठी ओसरीकडील दार आणि पूर्वेकडील काचेच्या तळाशी असलेल्या दोन लहान खिडक्या एवढीच उघडझाप होती.

नदीकाठामुळे डासांचा त्रास मोठा होता. संध्याकाळी दिवे लागले की काचेचे घर दूरवरून कीटकांना ओढून घेई. अखेर ओसरीला जाळी बसवावी लागली. मीस यांच्या कल्पनेत ओसरी पूर्णपणे मोकळी होती, त्यामुळे जाळीने घराचे मूळ रूप बदलले. राहणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र जाळीशिवाय ओसरीचा उपयोगच होत नव्हता.

याहून मोठा प्रश्न खासगीपणाचा होता. आडोसा म्हणून रेशमी पडद्यांची योजना होती, परंतु पडदे ओढले की घराचे मुख्य वैशिष्ट्यच नाहीसे होई. जमीन एकांतात असल्याने बाहेरून कोणी पाहणार नाही, हे गृहीत धरलेले होते. घराची कीर्ती पसरल्यावर हे गृहीतक टिकले नाही. वास्तुकलेचे विद्यार्थी आणि जिज्ञासू लोक घर पाहण्यासाठी येऊ लागले. एकांतासाठी बांधलेले घर त्याच्या प्रसिद्धीमुळेच एकांताला मुकले.

खर्च आणि न्यायालयीन वाद

आरंभी फार्न्सवर्थ आणि मीस यांचे संबंध मैत्रीचे होते. फार्न्सवर्थ यांना वास्तुकलेत रस होता आणि त्या मीस यांच्या कार्यालयातील मंडळींसह बांधकामाच्या ठिकाणी जात असत. बांधकामाचा खर्च वाढू लागला तसा हा स्नेह ओसरला. साहित्याची निवड, पोलादकामातील काटेकोरपणा आणि १९५० मध्ये सुरू झालेल्या कोरियन युद्धाच्या काळातील भाववाढ यांमुळे खर्च मूळ अपेक्षेपेक्षा बराच पुढे गेला. तो अखेरीस सुमारे ७४,००० डॉलर्सवर पोहोचला, असे सामान्यतः सांगितले जाते. एकट्या व्यक्तीच्या छोट्या सुट्टीघरासाठी त्या काळात ही रक्कम फार मोठी होती.

दोघांमध्ये मानधनाबाबत स्पष्ट लेखी करार झालेला नव्हता, हे वादाचे मूळ ठरले. १९५१ मध्ये मीस यांनी आपली थकलेली रक्कम मिळावी म्हणून दावा दाखल केला. फार्न्सवर्थ यांनी प्रतिदावा केला. मान्य केलेल्या अंदाजपत्रकापेक्षा खर्च जास्त झाला, तसेच घरात राहणे गैरसोयीचे आहे, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १९५२ मध्ये यॉर्कव्हिल येथे सुनावणी झाली आणि ती अनेक आठवडे चालली. १९५३ मध्ये निर्णय मीस यांच्या बाजूने लागला. पुढे काही काळाने तुलनेने लहान रकमेवर तडजोड होऊन प्रकरण मिटले. दोघांमधील संबंध मात्र पुन्हा जुळले नाहीत.

हा वाद पुढे बराच काळ प्रेमभंगाच्या कथेच्या स्वरूपात सांगितला जात असे. अलीकडच्या अभ्यासकांनी या मांडणीवर आक्षेप घेतला आहे. त्यांच्या मते, अशा कथेमुळे एका सुशिक्षित ग्राहकाच्या व्यावहारिक तक्रारी भावनिक ठरवून बाजूला सारल्या गेल्या.

नियतकालिकांतील टीका

खटल्यानंतर हे घर सार्वजनिक वादात ओढले गेले. ‘हाउस ब्यूटिफुल’ या लोकप्रिय मासिकाच्या संपादिका एलिझाबेथ गॉर्डन यांनी एप्रिल १९५३ च्या अंकात आधुनिक वास्तुकलेच्या मीस यांच्या प्रवाहावर जोरदार टीका केली. उघडी, रिकामी, सामानाला जागा न देणारी घरे लोकांवर लादली जात आहेत आणि ही विचारसरणी अमेरिकी जीवनपद्धतीला परकी आहे, असा त्यांच्या लेखाचा रोख होता. शीतयुद्धाच्या काळात या टीकेला राजकीय रंगही चढला. फार्न्सवर्थ यांची बाजू यानंतर त्याच मासिकातून वाचकांसमोर आली. अनेक वास्तुविशारदांनी मात्र मासिकाच्या भूमिकेचा निषेध केला. या वादामुळे घर अधिकच प्रसिद्ध झाले.

फार्न्सवर्थ यांचे वास्तव्य

तक्रारी असूनही फार्न्सवर्थ यांनी घर सोडले नाही. सुमारे वीस वर्षे त्या तेथे सुट्टीचे दिवस घालवत होत्या. मीस यांनी सुचवलेल्या फर्निचरऐवजी त्यांनी स्वतःच्या निवडीचे आधुनिक फर्निचर ठेवले, पडदे लावले आणि अंगणाकडे लक्ष दिले. घराविषयी असंतुष्ट मालकीण अशी त्यांची प्रतिमा असली, तरी दोन दशकांचे हे वास्तव्य त्या प्रतिमेला पूर्णपणे दुजोरा देत नाही.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्हा प्रशासनाने नदीवरील नव्या पुलासाठी आणि रस्त्यासाठी त्यांच्या जमिनीचा काही भाग संपादित केला. फार्न्सवर्थ यांनी त्याविरुद्ध न्यायालयात लढा दिला, पण त्यांना यश आले नाही. रस्ता घराच्या अधिक जवळ आल्याने वाहनांचा आवाज वाढला आणि उरलासुरला निवांतपणाही गेला. त्यानंतर त्यांनी घर विकले आणि त्या इटलीत स्थायिक झाल्या. तेथे त्यांनी इटालियन कवितेचे इंग्रजीत अनुवाद केले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मालकीतील बदल

१९७२ मध्ये ब्रिटिश बांधकाम व्यावसायिक पीटर पालुंबो यांनी घर विकत घेतले. त्यांनी ओसरीची जाळी काढली, मीस यांनी रचलेले फर्निचर आणले आणि घराला मूळ कल्पनेच्या जवळ नेण्याचा प्रयत्न केला. या कामी मीस यांचे नातू आणि वास्तुविशारद डर्क लोहान यांचे साहाय्य झाले. पालुंबो यांची इतरत्र निवासस्थाने होती, त्यामुळे येथे त्यांचा मुक्काम अधूनमधून असे. फार्न्सवर्थ यांना सतत जाणवलेल्या गैरसोयी नव्या मालकाला तितक्या महत्त्वाच्या वाटल्या नाहीत, याचे एक कारण हेही असू शकते.

पालुंबो यांनी घर विकायचे ठरवल्यावर इलिनॉय राज्याने ते खरेदी करण्याची तयारी दाखवली होती, परंतु ती योजना पूर्णत्वास गेली नाही. डिसेंबर २००३ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेच्या न्यूयॉर्क येथील लिलावात घर विक्रीस आले. एखादा खासगी खरेदीदार ते सुटे करून दुसरीकडे नेईल अशी भीती व्यक्त होत होती. नॅशनल ट्रस्ट आणि लँडमार्क्स इलिनॉय या संस्थांनी देणग्या गोळा करून सुमारे ७५ लाख डॉलर्सना घर विकत घेतले आणि ते मूळ जागी राहिले. २००६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा देण्यात आला.

पुराचे आघात

घर पूर्ण झाल्यावर काही वर्षांतच जोत्याच्या उंचीचा हिशेब अपुरा ठरला. १९५४ मधील पुरात पाणी आतल्या फरशीच्या वर सुमारे ४ फूट चढले. जुलै १९९६ मध्ये या परिसरात विक्रमी पाऊस झाला आणि घरात सुमारे ५ फूट पाणी शिरले. त्या दाबाने काही काचा फुटल्या, फर्निचर व कलावस्तूंचे नुकसान झाले आणि मधल्या गाभ्याचे लाकूडकाम नव्याने करावे लागले. सप्टेंबर २००८ मध्ये पाणी फरशीच्या वर सुमारे दीड फूट आले. त्या वेळी कर्मचाऱ्यांनी फर्निचर आधीच उंचावर ठेवल्याने हानी मर्यादित राहिली, मात्र सुट्या कपाटाला पाणी लागले.

पुराची वारंवारता वाढण्यामागे नदीच्या वरच्या भागातील शहरीकरण हे एक प्रमुख कारण मानले जाते. शेतजमिनीत पावसाचे पाणी मुरते. रस्ते, छपरे आणि वाहनतळ यांवर पडलेले पाणी मात्र लगेच नाल्यांतून नदीत येते. त्यामुळे तेवढ्याच पावसात नदीची पातळी पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त वाढते. मागील नोंदींवरून ठरवलेली पूररेषा नदीचे खोरे बदलल्यावर विश्वासार्ह राहत नाही, हे या घराच्या उदाहरणातून दिसते.

संरक्षणाचे पर्याय

२००८ च्या पुरानंतर घर कायमचे सुरक्षित करण्याच्या उपायांचा विचार सुरू झाला. त्यांत प्रामुख्याने तीन पर्याय चर्चेत आले.

पहिला पर्याय घर त्याच जमिनीत उंच जागी हलवण्याचा होता. त्यामुळे पाण्याचा धोका कमी झाला असता, पण नदीशी असलेले नाते तुटले असते. दुसरा पर्याय घराखालची जमीन भराव घालून उंच करण्याचा होता. यात घराचे स्थान कायम राहते, परंतु भोवतालच्या सपाट मैदानाचे स्वरूप बदलते. तिसरा पर्याय घराखाली द्रवदाबावर चालणारी उचल-यंत्रणा बसवण्याचा होता. पुराचा इशारा मिळताच घर वर उचलायचे आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा जागेवर आणायचे, अशी ही योजना होती. तिच्यात घराचे रूप आणि स्थान दोन्ही टिकते, मात्र खर्च मोठा असून यंत्रणेची सतत देखभाल आवश्यक असते.

तीनही पर्यायांमागे जतनशास्त्रातील एकच मूलभूत प्रश्न आहे. वास्तू म्हणजे केवळ तिचे साहित्य व आकार, की ती ज्या जागेसाठी रचली ती जागाही तिचाच भाग, हा तो प्रश्न होय.

समकालीन लहान निवासांशी तुलना

अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी कनेक्टिकट राज्यातील न्यू केनन येथे स्वतःसाठी बांधलेले ग्लास हाउस १९४९ मध्ये, म्हणजे फार्न्सवर्थ हाउसच्या आधी पूर्ण झाले. त्यामागे मीस यांच्या आराखड्याची प्रेरणा होती आणि जॉन्सन यांनी ती मान्य केली होती. दोन्ही घरे पोलाद व काचेची असली तरी त्यांत महत्त्वाचा फरक आहे. जॉन्सन यांचे घर उंचवट्यावर, थेट जमिनीवर उभे आहे. त्याच्या समोरच त्यांनी जवळजवळ बंद भिंतींचे विटांचे अतिथीगृह बांधले होते. आडोसा हवा तेव्हा तेथे जाता येई. फार्न्सवर्थ यांच्याकडे असा दुसरा निवारा नव्हता.

याच काळात, १९५२ मध्ये, ल कॉर्ब्युझिए यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रॉकब्रून-काप-मार्तें येथे ‘काबानाँ’ नावाची लाकडी कुटी स्वतःसाठी उभारली. तिची आतील लांबी-रुंदी प्रत्येकी ३.६६ मीटर आहे. लहान खिडक्या, अंगभूत कपाटे व मेज यांमुळे ती मीस यांच्या घराच्या अगदी उलट टोकाला आहे. तिच्यात स्वयंपाकघर नाही, कारण जेवणाची सोय लगतच्या उपाहारगृहात होती. भारतातील चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलासह ल कॉर्ब्युझिए यांच्या ज्या वास्तूंना २०१६ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत या कुटीचाही समावेश आहे.

ग्लास हाउस आणि काबानाँ या दोन्ही वास्तूंमध्ये रचनाकार हाच रहिवासी होता. गैरसोय झाली तरी ती त्याने स्वतः निवडलेली होती. फार्न्सवर्थ हाउसमध्ये रचनाकार व रहिवासी भिन्न होते, आणि रचनाकाराच्या तत्त्वनिष्ठेची किंमत रहिवाशाला मोजावी लागली.

पुनर्मूल्यांकन

वास्तुकला-इतिहासकार ॲलिस फ्रीडमन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आधुनिक घरांच्या घडणीतील स्त्री-ग्राहकांच्या भूमिकेचा अभ्यास करताना या घराची चर्चा केली. त्यानंतर फार्न्सवर्थ यांच्याकडे केवळ तक्रारखोर मालकीण म्हणून न पाहता, एका धाडसी प्रकल्पाला जमीन, पैसा आणि विश्वास पुरवणारी व्यक्ती म्हणून पाहिले जाऊ लागले. २०२० मध्ये घराच्या अंतर्भागात त्यांच्या काळातील मांडणी पुन्हा उभी करणारे प्रदर्शन भरवण्यात आले. २०२१ मध्ये नॅशनल ट्रस्टने घराच्या अधिकृत नावात ‘ईडिथ’ या नावाचा समावेश केला. त्यापूर्वी ते केवळ ‘फार्न्सवर्थ हाउस’ म्हणून ओळखले जाई.

वास्तुकलेच्या शिक्षणात आज हे घर दोन्ही अंगांनी अभ्यासले जाते. प्रमाणबद्धता, सांध्यांचे कौशल्य, एका गाभ्यातून साधलेली जागेची विभागणी आणि परिसराशी जुळलेले नाते यांसाठी ते आदर्श मानले जाते. ग्रामीण, एकाकी जागेत छोटे निवासस्थान रचताना पाण्याची पातळी, हवामान, कीटक, आडोसा, साठवण, खर्चाची मर्यादा आणि लेखी करार या बाबी आरंभीच का तपासाव्यात, हेही त्याच घराच्या इतिहासातून शिकवले जाते.